सोनेरी नळ

आमच्या घरमालकिणीने अंगणातल्या नळाला कुलूप लावलंय. किल्ली गळ्यात. आमच्या बुलावायो शहरात आधीच पाणी आठवड्यातून एकदा-दोनदा येतं, आणि आलं की मी बादली घेऊन तिच्या दारात उभी. "किल्ली देता का?" लग्न झाल्यापासून हेच चाललंय. घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी नवऱ्याला बजावलं, मला बाग नको, दिवाणखाना नको, माझा स्वतःचा नळ हवा.

पुंजी एकाच घरापुरती होती, म्हणजे चुकायची सोय नव्हती. आणि नेमकी एकाच गल्लीतली दोन घरं विकायला निघाली. एक नवंकोरं करून ठेवलेलं. गुळगुळीत फरश्या, पांढऱ्या भिंती आणि न्हाणीघरात चक्क सोनेरी नळ. दुसरं गोगो माखुमालोचं. गोगो म्हणजे आमच्याकडे आजी. म्हातारी लेकीकडे राहायला निघाली होती. पत्रा गंजलेला, छत लोंबलेलं, दारं एकदा लागली की उघडायची नाहीत.

माझा नवरा म्बोनिसी त्या लोंबत्या छताकडे नव्या नवरीकडे बघावं तसा बघत होता.

"मासिबांडा," तो म्हणाला. लग्नानंतरही आमच्यात बाईला माहेरच्याच आडनावाने हाक मारतात. "हेच घेऊ. थोडी डागडुजी लागेल. मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच नको."

या माणसाकडे हत्यारांची एक पेटी आहे. त्याने दुरुस्त केलेल्या खुर्चीवरून आमचे पाद्री पडले, तेव्हापासून ते आमच्याकडे उभ्यानेच प्रार्थना करतात. असल्या माणसाच्या हाती मोडकं घर म्हणजे आगीत तेल. मी सोनेरी नळावर ठाम होते.

त्या शनिवारी दोन्ही घरं पाहताना मी दोन्हीकडचे नळ फिरवून बघितले होते. पाणी नव्हतं, आणि त्याचं कुणाला नवलही वाटलं नाही.

"आज आपल्या भागाची पाळी नाही ना, ताई," दलाल गुमेडे म्हणाला. "सोमवारपर्यंत सांगा. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

रविवारी चर्चमधून बाहेर पडतोय तोच गोगोचा फोन.

"काय गं बये, माझ्या घरात येऊन नळ उघडा टाकून गेलीस? मी चर्चमध्ये, आणि घरी पाणी आलं. माझ्या सपाता तरंगत फाटकापर्यंत आल्यात."

नळ फिरवला होता, बंद कुठे केला होता? कोरड्या नळाचं हेच तर असतं, तो उघडा आहे की बंद हे कळतच नाही. मग दुसरा विचार आला. सोनेरी नळही मी तसाच सोडून आले होते.

"गेल्या त्या फरश्या," मी म्हणाले. "आता भरपाई देण्यातच घर जाईल आपलं."

नवऱ्याने वाटेत घरून पेटी उचलली. अडवायचं भान मला नव्हतं. मी बोलावल्यावर गुमेडेने धावत येऊन नव्या घराचं दार उघडलं. शेजारच्या अंगणात नळीने भाज्यांना पाणी घालणं चालू होतं, आणि इथे फरशी ठणठणीत कोरडी. नळ मात्र पूर्ण उघडा.

गुमेडे हसला. "बघा ताई, नळ किती चांगल्या प्रतीचा. एक थेंब गळत नाही."

म्बोनिसीने बेसिनखालचं कपाट उघडलं, आत हात घातला आणि नळी बाहेर काढली. अख्खी.

"मोडलीत ना?" मी कपाळावर हात मारला. "हात लावायच्या आत मोडलीत."

"अगं, ही कशाला जोडलेलीच नव्हती," तो म्हणाला. "मागे पाइपच नाही. नुसती भिंत आहे."

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. गुमेडे म्हणाला, जोडून देऊ की. मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

तशीच गोगोकडे गेले. म्हातारी पाण्यात स्टूल टाकून चहा पीत बसली होती.

"सगळं घर धुऊन काढलंस. आता पुसणार कोण?"

"मीच पुसते, गोगो."

"मग घरही तूच घे. दुसऱ्याचं घर कोण पुसतं?"

पुसता पुसता मला रडू आलं. गोगोला वाटलं, पाठ दुखली.

आता आम्ही तिथेच राहतो. छत अजून लोंबतंय. पाण्याच्या दिवशी नळ आधी खोकतो, मग लालसर पाणी ओकतो, मग धो धो वाहतो. मी त्याच्याखाली मनसोक्त आंघोळ करते, कुणाकडे किल्ली न मागता. परवा बाहेर येते तर म्बोनिसी पेटी घेऊन दारात उभा.

"नळ बंद केला तरी टपकतोय गं. बघू का जरा?"

मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"खबरदार. माझा नळ आहे, टपकू दे."