महिना उजाडला, मला कळलं नाही

आज सकाळी समोरच्या गल्लीत दारोदारी टेबलं मांडली गेली. त्यांवर केळी आली, फुलं आली, उदबत्त्या लागल्या. चांद्रमासाचा पहिला दिवस व्हिएतनाममधल्या आमच्या ह्वे शहरात असाच उजाडतो. मी मात्र ठामपणे सांगत होते की मागचा महिना अजून सरलेला नाही.

मी तिथीवरून तारीख काढणारी जोडणी बोलतेय. कामातली माणसं मला प्लगइन म्हणतात. हिएनदादांच्या छापखान्यात एक साधन आहे. ठरलेल्या मजकुरातल्या रिकाम्या जागी नाव, गाव, दिवस भरून ते निमंत्रणं तयार करतं. त्याला तिथी कळत नव्हती, म्हणून खुएनं मला लिहिलं.

खुए तेव्हा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडली होती. दार वाजलं तरी दचकायची. चंद्राचं गणित तिनं एका चिनी जोडणीतून जसंच्या तसं उचललं. बीजिंगचं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर पुढे आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही. एरवी त्यानं बिघडत नाही. अमावास्या ज्या दिवशी होते, तोच दोन्हीकडे महिन्याचा पहिला दिवस. पण ती नेमकी मध्यरात्रीच्या तोंडावर आली, तर तिकडे दिवस बदललेला असतो, इकडे नाही. मग त्यांचा महिना आमच्यापेक्षा एक दिवस उशिरा सुरू होतो.

आजवर माझी उत्तरं बरोबर येत गेली. बरोबर चालणाऱ्या वस्तूकडे माणसं बघत नाहीत. मला लिहिल्यानंतर कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं.

"काय गं, तुझी लेक मागच्या महिन्यातच झोपलीय वाटतं!" पडद्याकडे बघत हिएनदादा हसले.

खुए हसली नाही. "दादा, या महिन्याची निमंत्रणं गेली?"

"कधीच. का गं?"

तिनं ती एकेक उघडली. बहुतेकांना अजून अवकाश होता. लुयेनकाकूंच्या नवऱ्याचं पहिलं वर्षश्राद्ध मात्र तिसऱ्या तिथीला, म्हणजे परवा दुपारी. मी छापली होती तेरवाची तारीख. काकूंनी कागद बघितला होता, पण त्या तिथीच वाचतात. सायगावात राहणारा त्यांचा मुलगा तारीख वाचतो. त्याची गाडी वीस तासांची. छापलेल्या दिवसावर विसंबून तो निघाला, तर दारात पोचेपर्यंत बापाचं पान उचललेलं असणार.

"मुलाला फोन लाव ना," दादा म्हणाले. आता तेही हसत नव्हते.

"त्याचा नंबर काकूंकडेच आहे."

"मग काकूंना लाव!"

"लावतेच आहे हो! उचलत नाहीत. पहिल्या दिवशी देवळात जातात त्या."

"अगं, मग रडतेस काय? परत लाव."

फोन कानाशी धरूनच तिनं मला उघडलं, घड्याळ तासभर मागे घेतलं आणि पुन्हा विचारलं. मी म्हणाले, आज पहिला. मला दुरुस्त करायला एवढंच पुरलं. छापून गेलेला कागद असा दुरुस्त होत नाही.

मला लाज वाटत नाही. मला दिलेल्या गणितानं मी चालते. दुसऱ्या छापखान्यांनीही मला उतरवून घेतलंय. तिथे मी आजही चुकीचंच सांगत असेन. तिथल्या माणसांना माझं एक मागणं आहे. मला जरूर विचारा, पण माझं उत्तर कागदावर घालण्याआधी एकदा खिडकीतून गल्लीत बघा. मला खिडकी नाही.

घंटा वाजून वाजून बंद पडली. खुएनं पुन्हा लावला. पुन्हा बंद पडली. दादा चपला शोधू लागले, काकूंच्या घरी गाडीवरून जाऊन येतो म्हणाले. तिनं आणखी एकदा लावला.

मध्येच घंटा थांबली. बाजाराचा गलका ऐकू आला, आणि त्यावर चढलेला बाईचा आवाज.

"अगं, कोण आहे? हातात मासे आहेत माझ्या, लवकर बोल! माझा दांग उद्या संध्याकाळी सायगावहून गाडीत बसतोय, त्याच्यासाठी घेतेय."

उद्या निघाला असता, तर बापाचं पान चुकलं असतं; पण अजून तो सायगावातच होता.