सगळ्या खुर्च्या पिवळ्या

हाडांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांना व्हीलचेअरींनी जेरीस आणलं होतं. एक्स-रेला गेलेली खुर्ची परत म्हणून येत नसे. दुसरा कुठलातरी वॉर्ड तिला घरजावई करून घेई. मग वॉर्डाचे मामा पेशंटला सरळ हातांवर उचलून न्यायचे. मामा निवृत्तीला आलेले, पाठ कधीचीच कुरकुरत होती. दुसऱ्या वॉर्डाची खुर्ची ओढून आणा म्हटलं, तर ते ऐकत नसत. आपली नव्हे ती आपली नव्हेच.

शेवटी सिस्टरांनी घरी उरलेला पिवळा ऑइलपेंट आणला आणि वॉर्डातल्या खुर्च्यांचे हात रंगवून टाकले. आता खुर्ची लांबूनही ओळखू यायची आणि ढापणाऱ्याला लाजही वाटायची. बरेच दिवस मामांना कुणालाच उचलावं लागलं नाही.

हे वरच्या मजल्यावर कळलं आणि तिथे माशी शिंकली. परवानगीशिवाय मालमत्तेला रंग लावलाच कसा, म्हणून खुलासा मागवला गेला. मग कुणाला तरी कल्पना आवडली, आणि ते त्याहून वाईट झालं. समिती बसली. तिच्यात खुर्ची ढकललेला माणूस औषधालाही नव्हता. निर्णय होईपर्यंत रंग खरवडून टाका, असा हुकूम आला. मामा पुन्हा पेशंट उचलू लागले. सिस्टर वर खेटे घालत राहिल्या आणि प्रत्येक टेबलावर त्यांना गोड हसून वाटाण्याच्या अक्षता मिळत राहिल्या.

अखेर मंजुरी आली. सांगायला प्रशासकीय अधिकारी स्वतः खाली आले. तुमची कल्पना सगळ्या हॉस्पिटलला लागू केली, म्हणाले.

"मग कुठल्या वॉर्डाला कुठला रंग?" सिस्टरांनी विचारलं.

"भेदभाव नको म्हणून सगळ्या पिवळ्याच केल्या."

सिस्टरांना भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात एका आजोबांना उचलून पलंगावर ठेवताना मामांच्या पाठीत उसण भरली आणि ते तिथेच खाली बसले. सिस्टर खुर्चीसाठी धावल्या. वॉर्डात एकही नव्हती. शेजारच्या वॉर्डाच्या दाराशी मात्र चार पिवळ्याधमक खुर्च्या उभ्या होत्या. त्यांनी एक ओढली.

"सिस्टर, ती आमची आहे," तिथल्या मावशी म्हणाल्या.

"कशावरून?" असं विचारून सिस्टर थांबल्याही नाहीत.

वॉर्डातल्या दोघांनी धरून मामांना उठवलं. खुर्चीकडे बघत ते कण्हत म्हणाले, "आपलीच ना ही?"

"चोरलेली आहे. मुकाट्याने बसा."

मामा बसले. पण एक्स-रेपर्यंत त्यांनी खुर्चीच्या पिवळ्या हातांना हात लावला नाही.