ताईची कवळी

काय करता म्हणून कोणी विचारलं की कवळीवाला "शिल्पकार आहे" असं सांगायचा आणि घाईघाईने विषय बदलायचा. अगदीच थाप नव्हती ती. दर रविवारी मागच्या खोलीत तो मातीत हात घालून बसे, चेहरे घडवी, आणि मध्येच कोणी हाक मारली तर अंगावर धावून जाई. पण उरलेला आठवडाभर तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत असे. त्याची त्याला इतकी लाज वाटायची, की कलाशाळेतला जुना मित्र समोरून येताना दिसला तर हा पलीकडच्या फुटपाथवर.

कामात चूक म्हणाल तर नव्हती. डॉक्टरांकडून हिरड्यांचा प्लास्टरचा साचा यायचा. हा त्यावर मेण चढवायचा, तयार दातांचा संच उघडायचा आणि एकेक दात मेणात रोवायचा. सगळे सरळ, पांढरे, कवायतीला उभे केल्यासारखे. हात चालत असायचे आणि मन रविवारची वाट बघत असायचं.

मग ताईचे दात गेले. आई लवकर गेली तेव्हा याच ताईने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. "बाहेरून कशाला करून घ्यायची? घरचा कलाकार आहे की आमचा!" असं तिने डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिचा साचा आला, इतर साच्यांच्या रांगेत बसला आणि पाळी आल्यावर त्याने नेहमीसारखी कवळी करून टाकली. मेणातले दात ज्या दिवशी तोंडात बसवून बघायचे असतात, त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. हा गेला नाही. ताईच तर आहे, म्हणाला.

"वा! नटीच दिसतेय मी," कवळी घालून ताई म्हणाली. तो खूश झाला आणि विसरूनही गेला.

पुढे एका दुपारी तो न सांगता तिच्याकडे गेला. दार उघडंच होतं. शेजारीण कसलीतरी गंमत सांगत होती आणि ताई हसत होती, बोळकं उघडं टाकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याला बघितलं मात्र, तिचं हसू जागच्या जागी थांबलं. ती लगबगीने आत गेली आणि बाहेर आली ती कवळी घालून, ओठ घट्ट मिटून.

"टोचते का गं?" त्याने विचारलं.

"छे रे! मस्त आहे."

शेजारणीला काही राहवलं नाही. "टोचत नाही हो, बसलीय चांगली. पण नात म्हणाली, आजी, तू हसलीस की दुसरीच कोणीतरी वाटतेस. तेव्हापासून डबीतच असते ती. तुम्ही येणार असलात की तेवढी घालतात."

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का?" ताई तिच्यावर डाफरली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "पोर आहे रे ती, काहीही बोलते. तू मनाला लावून घेऊ नकोस. एवढ्या मेहनतीने केलीस माझ्यासाठी."

एवढ्या मेहनतीने! धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. समोरच्या फळीवर त्यानेच कधीकाळी केलेला ताईचा मातीचा चेहरा होता. त्यात पुढचा एक दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता, अगदी ताईचा होता तसा. त्या एका दातापायी त्याने रविवारची अख्खी दुपार घालवली होती. मातीच्या ताईला तिचा दात मिळाला होता आणि जिवंत ताईच्या तोंडात याने हाताला लागले ते दात कोंबले होते.

"पॉलिश राहिलंय, दे इकडे," म्हणून त्याने कवळी मागून घेतली. खोटं बोलायला तोंड उघडलं, माफी मागायला काही उघडलं नाही.

या खेपेला त्याने ताईलाच आपल्या टेबलाशी आणून बसवलं. तिला बोलतं केलं, चिडवलं, हसवलं. हसताना तिचा ओठ कुठवर जातो, कुठल्या बाजूला जास्त उचलतो, ते बघत राहिला. रंगाने थोडे पिवळसर दात निवडले. चावून चावून झिजतात तशा त्यांच्या कडा घासल्या. पुढचा तो आगाऊ दात मेणात वळवून शेजाऱ्यावर चढवला, पसंत पडेना, काढून पुन्हा बसवला. ताई कधी घरी गेली, जेवणाची वेळ कधी टळली, त्याला पत्ता नव्हता. आपण गुणगुणतोय हे ध्यानात आलं तेव्हा तो दचकला. आज मंगळवार होता! हे सुख रोज याच टेबलावर हाताशी होतं आणि आपण नाक मुरडून बसलो होतो. तो मनापासून सुखावला, आणि तितकाच शरमला.

नवी कवळी घालून ताईने आरशात बघितलं. त्या दातावरून जीभ फिरवली. "अगंबाई, हा आला होय परत!" म्हणाली आणि खळखळून हसली. ओठांवर हातसुद्धा घेतला नाही तिने.

हसू ओसरल्यावर तिने सहज विचारलं, "का रे, ती पहिली केली होतीस, तशीच सगळ्यांना करतोस?"

"हो," तो म्हणाला.

"मग ती माणसं रे? त्यांचा कोणी भाऊ नसेल ना इथे कामाला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर याला उलटून काहीतरी बोलता आलं असतं. किती घरांत माणसं ओठ मिटून बसली असतील, या विचाराने त्याची मान जी खाली गेली, ती ताई घरी जाईपर्यंत वर आली नाही.

दुसऱ्या दिवशी कामाला बसला तर पुढचा साचा एका आजोबांचा होता. त्याने दातांचा संच उघडला, परत मिटला आणि डॉक्टरांना फोन लावला.

"या आजोबांना माझ्याकडे पाठवाल का? एकदा हसताना बघायचंय त्यांना."

"का हो? साचा बिघडलाय का?"

"नाही, साचा चांगला आहे."

"मग? आजवर तुम्ही कधी कोणाला बघायला मागितलं नाहीत."

कवळीवाल्याचे कान तापले.

"नाही मागितलं," तो म्हणाला. "कधी पाठवता?"