बंद घराचं पाणी

तिने जिन्याखालच्या पाण्याच्या मीटरचं झाकण उघडलं आणि सरळ फरशीवर गुडघे टेकले.

"मॅडम, फ्लॅट वर आहे," एजंट किल्ल्या वाजवत म्हणाला. "बाल्कनी बघाल तर खूश व्हाल."

"येते हो. आधी खालचं बघू द्या."

"लोक उजेड बघतात, ही नळ बघते," नवरा एजंटला म्हणाला. "लग्नाआधी आमच्या घरी आली, तेव्हाही पहिल्यांदा मोरीतच डोकावली."

चौदा वर्षं ती घरोघरचे पाण्याचे मीटर वाचायची नोकरी करत होती. कुठल्या इमारतीत माणसं टिकतात आणि कुठून वर्षभरात पळ काढतात, हे तिला आकड्यांवरून कळे. त्याच जोरावर तिने घाट घातला होता, की नोकरी सांभाळून एक छोटा फ्लॅट घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा. बँकेचा अर्धा हप्ता तिच्या पगारातून जेमतेम निघणार होता. उरलेला अर्धा भाडेकरू देणार होता, आणि त्या भाडेकरूचा अजून पत्ताच नव्हता. फ्लॅट दोन महिने जरी रिकामा राहिला, तरी सगळा डाव फसला असता. आठवडाभर ती रोज रात्री तोच हिशेब पुन्हा मांडत होती. आजही जेवणाच्या सुट्टीची वीसच मिनिटं उरली होती.

"फ्लॅट कधीपासून बंद आहे म्हणालात?"

"वर्ष होत आलं."

"मागचं बिल आहे?"

एजंटने फाइलमधून बिल काढून दिलं. तिने त्यावरचा आकडा फ्लॅटच्या मीटरशी ताडून पाहिला. मीटरची चकती जागची हलत नव्हती, म्हणजे गळती नव्हती. आकडा मात्र बिलानंतर थोडासा पुढे सरकला होता.

"इथे कोणीतरी राहतंय," ती उठत म्हणाली. "एकटंच. आणि पाणी जपून वापरणारं."

एजंटने फाइल मिटली. मग त्याने रस्त्यापलीकडच्या बाकाकडे बोट दाखवलं.

"मालकच आहेत. गिऱ्हाईक आलं की मी त्यांना तिथे बसवतो. घरात माणूस आहे म्हटलं की लोक भाव पाडतात."

बाकावर एक म्हातारे शिंपी बसले होते. मांडीवर कापडाची पिशवी होती. तिघं रस्ता ओलांडून येताना दिसताच ते चोरी पकडली गेल्यासारखे उभे राहिले.

"पंधरा दिवसांत रिकामं करतो, ताई. मशीन तेवढं जड आहे, बाकी काही नाही."

"जाणार कुठे?"

"लेक बोलावते. तिला घर घ्यायचंय, म्हणून तर हे विकतोय. पण तिच्या गावात मला कोण ओळखतं? इथे अजून चार माणसं पँट आखूड करायला येतात. याच गल्लीत खोली बघितली. एकटा म्हातारा म्हटलं की मालकांच्या कपाळावर आठ्या."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आधीच तिच्याकडे बघत होता. आठवडाभरात पहिल्यांदाच तिला हायसं वाटलं.

"चला," ती शिंप्यांना म्हणाली, "घर तुम्हीच दाखवा."

वर गेल्यावर त्यांनी कुठली खिडकी अडते तेही सांगून टाकलं. एजंट कपाळ धरून उभा राहिला. खिडकीपाशी त्याने चादर टाकून झाकलेलं शिलाई मशीन होतं.

"भाव ठरलाय तोच," ती एजंटला म्हणाली. "भाड्याचे कागदही तुम्हीच करता ना? मग दोन्ही बरोबरच करा. काका इथेच राहतील. म्हणजे, त्यांची इच्छा असेल तर."

शिंपी मशीनपाशी गेले. त्यांनी मशीनवरची चादर काढली, झटकली आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून तिची घडी घातली.

"भाडं एक तारखेला मिळेल," ते म्हणाले. मग आतापर्यंत स्वतःच्या असलेल्या त्या घराच्या भिंतीवर त्यांनी हात ठेवला.

"घरमालकीणबाई, इथे एक खिळा मारला तर चालेल का?"

ही घरमालकीण कोण, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मागे फक्त तिचा नवरा होता, आणि तो हसत होता.