एकशेबाराव्या पानावरचे वडील

हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईला चादरींची ने-आण करणाऱ्या गाडीवाल्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. मन तिचंही होतं. घोडं अडलं होतं वडिलांपाशी. तीन वर्षं ते अंथरुणाला खिळलेले. पाणी पाजायचं तरी तिनेच. त्यांना सोडून जायचं कसं आणि घेऊन जायचं तर कुठे, या विचाराने तिचं डोकं पिकलं होतं.

मग गाडीवाल्याने तिला एक नवीकोरी कादंबरी आणून दिली. नायिका इस्त्रीवाली, घरी आजारी बाप. आपलीच गोष्ट आहे, वाच, म्हणाला. बाईला भरून आलं. या माणसाला आपली अडचण कळली, असं तिने धरूनच टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत गाठोड्यावर बसून ती वाचू लागली. नायिकेच्या हातावर भाजल्याची एक खूण नव्हती, तेही तिने पोटात घातलं. रुसव्याफुगव्यांची पानं भराभर उलटली. तिला एवढंच बघायचं होतं, की ही पोरगी बापाचं करते काय? तर एकशेबाराव्या पानावर बाप मेला. झोपेत, दीड ओळीत, चादरसुद्धा न मळवता. पुढल्या पानावर नायिका समुद्रकिनारी हजर.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिथे खरा पेच होता, नेमकं तिथेच लेखिकेने अंग काढून घेतलं होतं. असं लिहायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी गाडीवाला धुतलेल्या चादरी न्यायला आला. कशी वाटली, विचारलं. शेवट खोटा आहे, ती म्हणाली. त्याला नवल वाटलं. त्याला तर शेवटच आवडला होता.

"मग माझ्या वडिलांचं काय करायचं, ते तुम्ही सांगा."

"करायचं काय त्यात?" तो अगदी मायेने म्हणाला. "थांबू की थोडं. डॉक्टरच म्हणतात ना, फार दिवस नाहीत त्यांचे."

हा विचार बाईच्याही मनात येऊन गेला होता, एकदा नाही, अनेकदा. पण तो असा दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेना.

"माझ्यासाठी थांबू नका," ती म्हणाली. त्याने दोनदा कारण विचारलं. तिने पुढची चादर इस्त्रीला घेतली.

घरी वडिलांनी हाक मारली, "आलीस का गं?" ती आले म्हणाली आणि तिने त्यांना कुशीवर वळवलं, गरजेपेक्षा जरा जोरातच.