कीव्हनींचं दार

"शववाहिनी मेन स्ट्रीटवरूनच जाईल," आई म्हणाली.

कॉरमॅक लॅलीने हातातला कप बशीत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. किलकॉरनमधल्या सगळ्या मयतांचं तोच बघतो, शवपेटीपासून फुलांपर्यंत. त्यामुळे कुठल्या घरात काय बोलायचं नाही हे त्याला फादरपेक्षा जास्त कळतं.

"मागच्या रस्त्याने चर्च जवळ पडेल, मिसेस हॅव्हर्टी," तो जपून म्हणाला. "उद्या शुक्रवार. मेन स्ट्रीटला गाड्यांची ही गर्दी असते."

"माझा नवरा काय कोंबड्या चोरत होता, मागच्या रस्त्याने न्यायला?"

"तसं नाही हो..."

"मग झालं तर. आणि रेडिओच्या जुन्या जागेसमोर एक मिनिट थांबायचं. माणूस जिथे राबला तिथे थांबतात. तुझ्या बापाला आपण डेअरीसमोर थांबवलं होतं की नाही?"

कॉरमॅकने मान डोलावली. बाबांच्या रेडिओ स्टेशनची जुनी जागा म्हणजे मेन स्ट्रीटवरच्या एका घराचा वरचा मजला. त्याच्या अगदी समोर, चिंचोळ्या रस्त्याच्या पलीकडे, कीव्हनी खाटकाचं दुकान आहे. म्हणजे बाबांची पेटी थांबणार ती खाटकाच्या विधवेच्या, इटा कीव्हनीच्या दारात.

आमच्याकडे शववाहिनी जाते तेव्हा रस्त्यावरची दुकानं दार लावून घेतात, पडदे ओढतात, दिवे मालवतात. गाडी पुढे गेली की परत उघडतात. कुणी कुणाला सांगत नाही. गेलेला माणूस देव असो की दारुडा, दार लागतंच. आणि एखादं नाही लागलं, तर पुढच्या पिढीतली पोरंसुद्धा सांगतात की अमक्याच्या वेळी तमक्याचं दार उघडं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर ते उघडं दार नाचायला लागलं. मी काय, चार दिवसांनी डब्लिनला परत जाणार. आई इथेच राहणार होती, एकटी, हट्टाने. रोज त्याच रस्त्यावरून ब्रेड आणायला जाणार होती. सगळ्या गावासमोर तिच्या नवऱ्याच्या पेटीचा अपमान झाला, तर तिने कुठल्या तोंडाने त्या रस्त्यावर पाऊल ठेवायचं?

बाबांबद्दल मी काय सांगू? सकाळी डॉम हॅव्हर्टीचा कार्यक्रम लागला की अर्ध्या जिल्ह्यातली कामं खोळंबायची. फोन करायचा आणि बोलायचं, एवढाच कार्यक्रम. "लोकांना बोलू द्या," हे त्यांचं पालुपद. बिशपांनी निरोप धाडला तरी लोकांना बोलू द्या, मंत्र्याच्या माणसाने दम दिला तरी लोकांना बोलू द्या. घरी मात्र जेवताना आम्ही तोंड उघडलं की म्हणायचे, "शू, बातम्या लागल्यात."

त्या दिवशी आमच्या बैठकीत बाबा पेटीत निजले होते आणि गाव रांगेने येऊन हात मिळवून जात होतं. हॅम सँडविचच्या ताटांवर ताटं आत येत होती. ब्रीज स्काहिल पेटीपाशी बसली ती उठायलाच तयार नव्हती. सोळाव्या वर्षी, लग्नाआधी झालेलं तिचं बाळ नन्सनी काढून घेतलं होतं, आणि चाळीस वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांच्या कार्यक्रमात ती पूर्ण तासभर बोलली. बाबांनी एकही जाहिरात लावली नाही. तो कार्यक्रम कुणीतरी लिव्हरपूलमध्ये ऐकला आणि तिचा मुलगा तिला सापडला.

"देवमाणूस गं, डर्व्हला," ती माझा हात सोडेना. "माझ्या पोराला यानेच दुसऱ्यांदा जन्म दिला."

तिच्यामागे उभा असलेला माणूस एक शब्द न बोलता हात मिळवून निघून गेला. तो व्हिन्सेंट कीव्हनीचा चुलतभाऊ होता.

व्हिन्सेंट इटाचा नवरा. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मे महिन्यात गावातल्या मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पहिला प्रसाद झाला, हॉटेलात जेवण झालं आणि निम्मी मुलं उलट्या करत पडली. दुसऱ्या दिवशी बाबांच्या कार्यक्रमात एका बाईचा फोन आला. नाव सांगणार नाही म्हणाली. मांस कीव्हनीकडचं होतं, हिरवं पडलेलं मी डोळ्यांनी बघितलं, म्हणाली. बाबांना फोन तोडता आला असता. ते म्हणाले, "सांगा बाई, नीट सविस्तर सांगा." मग फोनांची रीघच लागली. प्रत्येकाला कीव्हनीचा जुना काहीतरी वास आठवला. पुढे तपासात निघालं की दोष हॉटेलच्या अंड्याच्या सॅलडचा होता. बाबांनी दोन जाहिरातींच्या मध्ये तेवढं एक वाक्य वाचलं. तोवर दुकानात काळं कुत्रं फिरकत नव्हतं. ऑगस्टमध्ये व्हिन्सेंट नदीत सापडला.

तेव्हापासून इटाने दुकान एकटीने चालवलं. हळूहळू गिऱ्हाईक परत आलं, आम्ही सोडून. आई मांस आणायला बसने बाजूच्या गावी जायची. का, ते आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही.

दुपारी रांग जरा ओसरली तसा मी कोट चढवला.

"कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"हवा खायला."

"पाऊस पडतोय."

"मग पाऊस खायला."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. इटा मांसाचा मोठा तुकडा दोरीने बांधत होती. केस पांढरे झाले होते, हात मात्र अजून गड्याचे. मी कोण ते तिला दारातच कळलं, पण तिने गिऱ्हाइकाला विचारावं तसंच विचारलं, "बोल, काय देऊ?"

"मिसेस कीव्हनी, मी उद्याबद्दल आले होते."

"उद्या तुझ्या वडिलांना नेणार. रेडिओवर मयतांच्या बातम्यांत वाचलं ना सकाळी."

"गाडी इथून जाणार आहे. समोर थांबणारसुद्धा आहे, मिनिटभर. मी आईला नको म्हणत होते." माझी जीभ थांबेना. "तेवढं मिनिटभर दार लावून घ्याल का? माझ्यासाठी नाही. आईसाठी. तिला इथेच राहायचंय."

इटाने दोरीची गाठ मारली. मग हात पुसले, एकेक बोट करून.

"मागायला आलीस?"

मी होय म्हणून मान हलवली.

"व्हिन्सेंटला नेलं तेव्हा सगळा रस्ता मिटला होता," ती म्हणाली. "बँकसुद्धा. गाडी इथे थांबली, आमच्याच दारात, त्याचंही काम इथलंच ना. आणि समोर वर ती खिडकी उघडी. तुझ्या बापाचा आवाज खाली येत होता. रस्त्यातल्या खड्ड्यांवर चाललं होतं काहीतरी. फोनवर कुणीतरी विनोद केला, आणि तो हसला."

"मला हे माहीत नव्हतं."

"त्यालाही नसेल. उकाडा होता, खिडकी राहिली असेल उघडी. मी पेटीमागे उभी राहून तो खड्ड्यांचा विनोद ऐकला, पोरी. पूर्ण ऐकला."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. तिने सुरी पुसून बाजूला ठेवली.

"उद्या मी दार लावणार होते. ते मेलेल्यासाठी लावायचं असतं, माणूस बघून नाही. डॉम हॅव्हर्टीसाठीही लावलं असतं. कुणी काही बोललं नसतं, मीही नाही. आता तू सांगून बसलीस. आता लावलं तर ते तुझ्या सांगण्यावरून. गाव म्हणणार, इटाने माफ केलं. मी नाही केलं."

"मी कुणाला बोलणार नाही, शपथ."

"मला तर माहीत असेल ना?" ती म्हणाली आणि पुढचा तुकडा ओढून घेतला. "जा आता. घरात माणसं आली असतील."

मी बाहेर फुटपाथवर येऊन उभी राहिले आणि मला माझ्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी जिभेला आवर घातला असता तर ते दार आपसूक लागलं असतं. बापाची मुलगी शोभले अगदी. जिथे गप्प बसायचं, तिथेच बोलले.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी कॉरमॅकला बाजूला घेऊन म्हटलं, "थांबू नकोस. हळू चालव, पण थांबू नकोस. पाया पडते तुझ्या."

"तुझी आई गाडीमागे चालत येणार," तो म्हणाला. "ती थांबली की मला थांबावंच लागेल. मी काय तिला मागे टाकून पळू?"

आम्ही निघालो. पुढे शववाहिनी, मागे आई आणि मी, आमच्यामागे ब्रीज आणि निम्मं गाव. उरलेलं निम्मं फुटपाथवर. औषधाच्या दुकानाचं दार लागलं. पबचे पडदे ओढलेले होते. बँकेतला दिवा मालवला. प्रत्येक दार लागलं की मला हायसं वाटायचं आणि लगेच मी पुढच्या दाराकडे बघायचे. आई ताठ मानेने चालत होती. मी तिचा हात धरून चालत होते.

मग कीव्हनींचं दुकान आलं. दार सताड उघडं होतं. आतल्या पांढऱ्या ट्यूबलाइट लख्ख पेटलेल्या. इटा पांढरा कोट घालून काउंटरमागे उभी. आणि रेडिओ चालू होता.

बाबांच्याच कार्यक्रमाची वेळ ती. त्यांच्या जागी आलेल्या मुलीने त्या दिवशी लोकांचे फोन मागवले होते ते बाबांवरच. डॉम हॅव्हर्टी तुम्हाला कसा वाटला, सांगा. गाडी थांबली. आवाज रस्त्यावर येत होता आणि सगळं गाव मिटलेलं असल्यामुळे शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. एक म्हातारा सांगत होता, डॉम होता म्हणून माझ्या मुलाला ऑपरेशनची तारीख मिळाली. माझ्यामागे ब्रीज हुंदका देऊन "खरंय, खरंय" म्हणाली. मला वाटलं, देवा, हा फोन मिनिटभर चालू दे.

म्हाताऱ्याने फोन ठेवला. पुढचा फोन एका बाईचा होता. ती शांतपणे बोलत होती.

"माझं नाव कोन्सेप्टा डेव्हिट, राहणार किलकॉरन. आम्ही व्हिन्सेंट कीव्हनीचं मांस खाऊन वाढलो, ते कधी वाईट नव्हतं. पण एका बिननावाच्या बाईचं ऐकलं आणि आम्ही त्याच्या दुकानावरून मान खाली घालून जायला लागलो. ती आग डॉमने लावली आणि आम्ही शेकत बसलो. व्हिन्सेंट मेला तरी डॉमने त्याचं नाव कधी घेतलं नाही."

कॉरमॅकने हॅट छातीशी धरली होती आणि तो बुटांकडे बघत होता. मिनिट कधीच होऊन गेलं होतं. मी आईच्या कानाशी लागले, "आई, चल. पुढे चल."

तिने माझा हात झटकला आणि रस्ता ओलांडून निघाली. "आई, नको!" मी धावले. आता ही भांडणार, किंवा उंबऱ्यात कोसळणार, याखेरीज मला काही सुचेना. ती उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. इटा जागची हलली नाही, रेडिओही बंद केला नाही. आईने त्या बाईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खरं आहे ते," आई म्हणाली. औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "व्हिन्सेंट कुणामुळे गेला हे डॉमला माहीत होतं, इटा. मलाही माहीत होतं. आमच्या घरात कुणी बोललं नाही."

मला फुटपाथने गिळावं असं झालं. इतकी वर्षं आम्ही जे तीन तोंडांत दाबून ठेवलं होतं, ते तिने त्यांची पेटी रस्त्यात उभी असताना सगळ्यांसमोर बोलून टाकलं.

इटाने रेडिओ बंद केला. मग ती काउंटरमागून बाहेर आली, पांढऱ्या कोटातच. मला वाटलं, आता दार लावेल. तिने दाराकडे बघितलंसुद्धा नाही. दुकान तसंच उघडं टाकून ती आईच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि दोघी गाडीमागे चालायला लागल्या. मी त्यांच्यामागे.

पुलावर आल्यावर इटा थांबली. चर्च पुलाच्या पलीकडे, आणि व्हिन्सेंटचे बूट याच पुलावर सापडले होते, कठड्यापाशी, जोडीने ठेवलेले. इटाने कठड्यावर हात ठेवला. "मी इथपर्यंतच," ती म्हणाली. "पुढे नाही येणार."

आईही थांबली.

"तू हो पुढे, डर्व्हला," ती म्हणाली.

"आई, अगं, प्रार्थना सुरू होईल. फादर वाट बघतायत."

"बघू दे. मी व्हिन्सेंटच्या वेळी आले नव्हते. मी इटाबरोबर थांबते थोडी. तू जा, बाबांबरोबर कुणीतरी हवं."

शववाहिनी चालतच होती. तिच्यामागे रस्ता मोकळा पडत चालला होता, आणि लोक बघत होते की आता हॅव्हर्टींकडचं कोण त्यात चालणार. काहींनी टोप्या काढल्या होत्या, काहींनी काढल्या नव्हत्या. काल मी एक दार लावून मागत होते ते हे बघावं लागू नये म्हणून. आता मला तोंड लपवायला जागा नव्हती, आणि बाबांनाही नव्हती. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच त्यांची कीव आली, दोन्ही एकदम. मी पळत जाऊन गाडी गाठली, मागच्या काचेवर हात ठेवला आणि एकटीच त्यांच्याबरोबर चालत राहिले.