सोळा ऑक्टोबरचा जन्म

आमच्या वॉर्डातल्या वाचनालयाच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहायचं काम माझं. रेडिओवर ऐकलेलं, जुन्या पेपरात वाचलेलं, सगळं दोन ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय मी खडूला हात लावत नाही. बायको म्हणते, "तुमाले सूर्य उगवला हे बी दोघाईले विचाराव लागते." म्हणू दे. या चंद्रपुरात थापा मारणारे पुष्कळ आहेत, तपासणारा एखादा तरी हवाच.

सोळा ऑक्टोबर आला की मात्र मी चिडायचो. १९०५ साली बंगालची फाळणी अमलात आली ती या दिवशी. १९४५ साली जगाच्या अन्नधान्याची काळजी वाहणारी संघटना निघाली ती या दिवशी. आणि १९५६ साली आमच्या चांद्याला, म्हणजे या चंद्रपूरला, बाबासाहेबांनी दीक्षा दिली तीही याच दिवशी. घटना भरपूर, पण खाली 'जन्म' या शब्दापुढे लिहायला आमच्यातलं एकही नाव नाही. शहाऐंशी साली दीक्षेला तीस वर्षं होणार होती. मीच वाचनालयाच्या समितीत सुचवलं की दीक्षेच्याच दिवशी जन्मलेलं आपल्यातलं कोणी असेल, तर त्याचं नाव फळ्यावर लिहू आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात आईसकट सत्कार करू. खरंखोटं पाहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

पहिला आला आरा मशीनवरचा खुशाल. छाती काढून म्हणाला, "मी त्याच दिवशीचा, गुणवंतभाऊ." मी म्हटलं, "मग दीक्षेहून येताना बापाच्या खांद्यावर झोपलो होतो, असं परवा पानठेल्यावर कोण सांगत होतं?" खुशालने बिडी पेटवली आणि आला तसा निघून गेला.

कागद मागून उपयोग नव्हता. आमच्या आईबापांना तारखा ठाऊक नसत आणि मास्तर शाळेत नाव घालताना सरसकट एक जुलै टाकून मोकळे होत. शाळेचं खरं मानलं तर आमचा अर्धा वॉर्ड एकाच दिवशी जन्माला आला आहे, मला धरून. तेव्हा माणसांनाच विचारणं भाग होतं.

मग वच्छला आली. ती बालवाडीत शिकवते. नवरा खाणीत कामाला, आणि विधवा आई ठमाबाई तिच्याजवळच राहते. "काका, माहं नाव लिवा," ती म्हणाली. "माय दरसाल त्या दिवशी माह्यासाठी गोड करते. म्हणते, तू बाबासाहेबाच्या दिवशीची." तिचा चेहरा असा फुलला होता की मलाही विश्वास ठेवावासा वाटला.

पण त्याच संध्याकाळी ठमाबाई स्वतः वाचनालयात आली. "पोरगी काईबी बोलते, भाऊ. तिचं नाव नका लिवू."

"का बरं?"

"आमाले नाई पायजे सत्कार-फित्कार."

लेकीचा मान नको म्हणणारी आई मी तरी पाहिली नव्हती. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी मी महिला मंडळाच्या कमळाबाईंना गाठलं. त्या मूळच्या वरोऱ्याच्या आणि दीक्षेला हजर होत्या. नाव काढताच त्या उसळल्या. "ठमा? ते तं त्या दिवशी मैदानात माह्या बाजूले बसली होती. आमची ओळखच तिथली. लग्नाले आठ वर्सं झाले, लेकरू नाई म्हून रडून राह्यली होती. पोट कुठी होतं तिले! ते सत्काराले उभी राह्यली तं मी सगळ्याईसमोर उठून विचारन."

खोटं सापडलं की मला बरं वाटतं, ते का लपवू? दुपारी वच्छला बालवाडीत असताना मी ठमाबाईकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. कमळाबाईंचं बोलणं मी तिला जसंच्या तसं ऐकवलं. तिने सूप बाजूला ठेवलं, दाराबाहेर दोन्हीकडे पाहिलं आणि आत येऊन बसली.

"कमळा खरं सांगते," ती हळूच म्हणाली. "पोट नव्हतं मले. आमच्या गावच्या गाडीत रुखमा होती. नवरा मेलेला, दिवस भरलेले, तरी आली. मैदानात बसवेना म्हून मागं गाडीतच थांबली. भोंग्यावर बुद्धं सरणं चालू होतं तवा ते बाळंत झाली. मी गाडीपाशी गेली तं पोरगी रडून राह्यली होती. दुसऱ्या दिवशी वापस जाताना रुखमा वाटेतच गेली. पोरगी माह्या मांडीवर होती, ते तिथंच राह्यली. वच्छलाले यातलं काईच ठाव नाई, भाऊ."

मी तारीख खोटी ठरवायला आलो होतो, आणि सोळा ऑक्टोबर पक्का निघाला होता.

"ठमाबाई, तारीख तर खरी आहे. नाव लिहायलाच हवं."

"लिवलं तं कमळा उठन. मंग मी काय सांगू?" तिने माझे पाय धरायला हात पुढे केले, मी घाईने मागे सरकलो. "मीच खोटं बोलली म्हून सांगा. तारीख गेली तं जाऊ द्या. पोरगी नको जायाले."

आयुष्यात मी कितीक खोटी नावं खोडली. खरं नाव खोडण्याची पाळी पहिल्यांदाच आली. वच्छलाला मी सांगितलं की पुरावा मिळाला नाही, उलट त्या दिवशी तुझ्या आईला मूल नव्हतं असं सांगणारी बाई आहे. ती निघून गेली. मला माझ्या चौकस स्वभावाचा संताप आला.

सोळा तारखेला संध्याकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत मैदानात जमले. वंदना झाली. सत्काराची शाल तशीच टेबलावर पडून होती. बायकांच्या रांगेत वच्छला आईशेजारी बसली होती, आणि मी पाणी वाटायला तिथून जात होतो.

"माय," वच्छला बोलली, आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "एवढी वर्सं खोटं काऊन बोलली व मले? लोकाईत हसं झालं माहं."

"चुकलं माहं, बाई," ठमाबाई म्हणाली.

"मंग खरं कवाची हाय मी?"

"आठवत नाई. अडाणी बाई मी, काईबी बोलली."

वच्छला उठली आणि दूर दुसऱ्या बायकांत जाऊन बसली. मला राहवेना. हातातलं पाणी खाली ठेवून मी तिच्याकडे वळलो, तशी ठमाबाईने बसल्या जागेवरून माझं धोतर धरलं आणि मान हलवून मला थांबवलं.